आत्याच्या यादीत मी न्हाई

वीस दिवस माझं एकच काम चाललं होतं. मोबाईल उघडायचा, बँकेचं ॲप लावायचं, चार आकडे दाबायचे आणि बघायचं, बावीस लाख गेले का. गेलेले नसायचे. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की बघायची, गिऱ्हाईक लेस निवडत असलं की काउंटरखाली हात घालून बघायची, भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं बघायची. माणसाला पैसे गेल्याचं दुःख होतं. मला ते जात न्हाईत म्हणून घोर लागला होता.

जुन्या जालन्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, हूक. त्या वीस दिवसांत मी एका बाईला मोरपंखी साडीवर पोपटी कापड कापून दिलं. दुसरीनं एक मीटर मागितलं तर दीड कापलं. ती म्हणाली, "ताई, तुमचं ध्यान कुठंय?" म्हटलं, "धावड्याला." ती बघतच राहिली.

धावड्याला माझी आत्या राहते. वडिलांची सख्खी धाकटी बहीण. दोघंच भावंडं. वडिलांना मी दादा म्हणते, आत्यासुद्धा दादाच म्हणते. आजोबा वारल्यावर केदारखेड्याची जमीन दोघांच्या नावावर लागली. मंग आपल्याकडे जे होतं तेच झालं. बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि भावानं साडीचोळी करायची. आत्यानं कचेरीत जाऊन अंगठा दिला. दादांनी तिला साडी घेतली. कापडाच्या धंद्यात पडल्यावर मला त्या साडीची जात कळली. देण्याघेण्याची साडी होती ती, लग्नात आहेरात फिरते तसली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. आत्यानं पुढं तिची गोधडी शिवली.

यात कुणाला काही वावगं वाटलं न्हाई. आत्यालाही न्हाई. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतात ते माहेर टिकावं म्हणून. दिवाळीला भावानं यावं, ओवाळून घ्यावं, ताटात काहीतरी टाकावं, बस.

माझी आई आजारी होती तेव्हा मी दोन वर्षं धावड्याला आत्याजवळ राहिले. तिला मूलबाळ न्हाई. माझ्या वेण्या घालायची, डोक्यातल्या उवा मारायची, शाळेत न्हाई गेले तर पाठीत धपाटा. मला ती 'माय' म्हणते. आजही म्हणते. म्हणजे मधले काही दिवस सोडले तर.

पुढं मामांना, म्हणजे आत्याच्या मालकांना, मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. आत्या केदारखेड्याला आली. ओसरीवर चार माणसं बसलेली. तिनं भावाला पन्नास हजार मागितले. दादा म्हणाले, "शेत तर तू सोडून दिलं. आता कशाचं मागून राह्यलीस?" आत्या पाणी न पिता उठली. चार महिन्यांत मामा गेले. त्या दिवाळीला दादा धावड्याला गेले न्हाईत. पुढच्याही न्हाई. बारा वर्षं झाली.

त्या दिवशी मी माहेरीच होते. आत चहा करत होते. सगळं ऐकलं. बाहेर आले न्हाई. एरवी माझं तोंड गावाला माहीत आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या दिवशी जीभ कुठं गेली होती कोण जाणे. त्याची लाज मला आजही वाटते.

आई गेल्यावर दादांनी सगळी जमीन माझ्या नावावर बक्षीसपत्रानं करून दिली. एकुलती एक लेक म्हणून. स्वतः जालन्याला माझ्याकडं राहायला आले. माझे मालक ट्रान्सपोर्टच्या गाडीवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, त्यामुळं घरात आम्ही बापलेकच. आणि मंग निम्मी जमीन नव्या रस्त्यात गेली. चव्वेचाळीस लाख माझ्या खात्यात आले.

मला हिशोब करायला एक मिनिट लागलं न्हाई. निम्मे आत्याचे. पासष्टी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आणि रोजानं मिरची तोडायला जाते. घराचे पत्रे गळतात. बावीस लाखांत गुडघे होतील, एक पक्की खोली होईल, आणि म्हातारपण कुणापुढं हात न पसरता निघेल. दादांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या नावावर आहे. तुला काय करायचं ते कर. मला मधात घेऊ नको." मी जल्दी जल्दी चेक लिहिला, धावड्याला गेले, आत्याच्या हातात दिला. ती चेककडं बघत राहिली. म्हणाली, "ह्यावर कुणाची सही हाय, माय?" म्हटलं, "माझी." "बरं," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

तो चेक ती बँकेत टाकेना. म्हणून माझं ते वीस दिवसांचं मोबाईल उघडणं.

एकविसाव्या दिवशी मी जीएसटीच्या कागदांसाठी आमच्या सीएकडं गेले. धान्याच्या आडतीवर त्याचं ऑफिस आहे. जिन्यात ज्वारीचा भुसा, वर एसी. बोलता बोलता मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आत्याला बावीस लाख दिले म्हणून. आपलं काहीतरी चांगलं केलेलं माणसाला सांगायचं असतंच ना. त्यानं पेन खाली ठेवलं.

"आत्यानं तुम्हाला दिले?"

"न्हाई हो. मी आत्याला."

"अरारा. उलटं असतं तर बिलकुल चाललं असतं."

मला वाटलं, थट्टा करतोय. मंग त्यानं समजावलं. नातेवाइकानं दिलेल्या पैशावर टॅक्स न्हाई, बराबर. पण नातेवाईक कोण, ते कायद्यात लिहिलेलं आहे, आणि ते घेणाऱ्याच्या बाजूनं बघतात. मी घेणारी असते तर आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, यादीत आहे. पण घेणारी आत्या आहे. तिच्या यादीत नवरा आहे, भाऊ आहे, बहीण आहे, आईबाप, पोटची लेकरं, नातवंडं, नवऱ्याकडची माणसं आहेत. भावाची लेक न्हाई. आणि परक्याकडून वर्षाला पन्नास हजाराच्या वर आलं की सगळी रक्कम तिचं उत्पन्न धरतात. बावीस लाखावर अडीच लाखाच्या वर टॅक्स.

"परक्याकडून?" मी म्हटलं. "माझ्या उवा मारल्यात हो तिनं!"

"उवांचा कॉलम न्हाई ताई त्यात," तो म्हणाला. वर पुन्हा, "आत्याबाईंचं लग्न असतं तर कुणीही दिलेलं चाललं असतं. लग्नातल्या आहेराला टॅक्स न्हाई." मला हसू यायला पाहिजे होतं. आलं न्हाई. गुडघ्याचे पैसे टॅक्समध्ये जाणार, आणि तेही माझ्या शहाणपणामुळं.

जिना उतरता उतरता मी आत्याला फोन लावला.

"आत्या, चेक टाकला का बँकेत?"

"न्हाई, माय."

"टाकू नको! बिलकुल टाकू नको. मी सांगेपर्यंत हात लावू नको त्याला."

पलीकडं मला तिच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मंग ती म्हणाली, "बरं, बाई."

माय न्हाई. बाई.

मी म्हटलं, "आत्या, ऐक, ते टॅक्सचं आहे." ती म्हणाली, "मला माहीतच होतं," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला न्हाई. दहादा लावला. मी तिथंच त्या भुशात, जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडले. हमाल बघून राह्यले होते, बघू दे. बारा वर्षांपूर्वी तिच्या भावानं मागितलेलं दिलं न्हाई, आता भाचीनं दिलेलं परत मागितलं. तिच्या जागी मी असते तर मला दुसरं काय वाटलं असतं?

उपाय सीएनंच सांगितला होता. भावानं बहिणीला कितीही द्यावं, टॅक्स न्हाई. लेकीनं बापाला द्यावं, त्यालाही न्हाई. म्हणजे पैसे दादांच्या हातून जायला पाहिजेत. जगातले सगळे रस्ते सोडून हाच एक उघडा होता, आणि त्यात दादा आडवे बसलेले.

दादा दिवसभर माझ्या दुकानात स्टुलावर बसून लेस पुठ्ठ्यावर गुंडाळतात. मी तशीच गेले, टॅक्सचं सगळं सांगितलं आणि गिऱ्हाइकांसमोर सुरू झाले.

"दादा, कायद्यानं मी आत्याची कुणीच न्हाई."

"मंग?"

"मंग तुम्ही आहात. भाऊ. यादीत आहात तुम्ही."

"मी सांगितलं ना, मला मधात घेऊ नको."

"मधात न्हाई, पुढं व्हायचंय तुम्हाला! लेकीला सगळी जमीन लिहून दिली तेव्हा हात थरथरला न्हाई. बहिणीचं नाव काढलं की तोंडाला कुलूप! सुंभ जळाला तरी पीळ जाईना तुमचा!"

दोन बाया लेस हातात धरून बघत होत्या. दादा लेस इतकी आवळून गुंडाळत होते की पुठ्ठा वाकला. मंग तो खाली ठेवला, चप्पल घातली आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण.

सीएला विचारलं, "मी पैसे दादांच्या खात्यात टाकते आणि त्यांच्याकडून लगेच आत्याच्या खात्यात टाकून घेते. चालेल?" तो म्हणाला, "अशी पाइपलाइन करू नका. वडिलांना दिले की ते वडिलांचे झाले. खरोखर त्यांचे. मंग त्यांनी स्वतःच्या मनानं बहिणीला दिले तर दिले. न्हाई दिले तर तुम्ही तोंड उघडायचं न्हाई. जमतंय का बघा."

तोंड उघडायचं न्हाई! मला!

दोन दिवस तळमळले. दादांचा भरवसा धरावा तर बारा वर्षं समोर होती. न धरावा तर आत्याचे अडीच लाख जाणार. आणि पैशापेक्षाही तिचा तो 'बाई' माझ्या कानातून जाईना. तिसऱ्या दिवशी बँकेत गेले, फॉर्म भरला आणि बावीस लाख दादांच्या खात्यात टाकले. घरी येऊन त्यांना सांगितलं, "टाकलेत. तुमचे आहेत. माझं काही म्हणणं न्हाई." सीएनं दिलेला बक्षीसपत्राचा नमुना आणि कोरा स्टॅम्पपेपर त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला. सीए म्हणाला होता, वडिलांनी हातानं उतरवून काढलं तर उत्तम.

मंग नऊ दिवस. आता ॲप उघडून उपयोग न्हाई, पैसे माझ्या खात्यात नव्हतेच. दादांचं पासबुक त्यांच्या उशाखाली. मी अंथरूण झटकायच्या निमित्तानं उशी उचलायची, पासबुक दिसायचं, हात लावायची न्हाई, उशी खाली ठेवायची. ते जेवताना मी त्यांच्या तोंडाकडं बघायची. ते म्हणायचे, "मीठ बराबर आहे." एवढंच. एकदा न राहवून म्हटलं, "दादा, दिवाळी लांब आहे अजून." ते म्हणाले, "माहीत आहे." माझं वजन उतरलं त्या नऊ दिवसांत. आत्या फोन उचलत नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी उठले तर दादांची चप्पल न्हाई. पिशवी न्हाई. डबीखालचा कागद न्हाई. उशी उचलली, पासबुक आणि चेकबुक दोन्ही न्हाई. मी दुकानाला कुलूप लावलं, भोकरदनची बस धरली आणि तिथून काळीपिवळी. धावड्याला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला.

आत्याच्या अंगणात मिरची वाळत घातली होती, मला फाटकातच ठसका लागला. ओसरीवर दादा मांडी घालून बसलेले, खाली तीच गोधडी. आत्या उंबऱ्यात. दोघांच्या मधात स्टॅम्पपेपर, त्यावर तांब्या ठेवलेला.

"कवाचे असे बसलेत?" मी विचारलं.

आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली, "नऊला आल्ता. पाणी पेला. मला सगळं टॅक्सचं सांगितलं त्यानं. तवापासून कागद दाबून बसला. चेक लिहिला म्हणतो, पर देत न्हाई."

टॅक्सचं सांगितलं! दादांनी! मी तांब्या बाजूला केला. कागद दादांच्या अक्षरात होता, जुन्या वळणाचं, काना मात्रा ठसठशीत. त्यांचं नाव, बहिणीचं नाव, रक्कम, चेकचा नंबर, सगळं लिहिलेलं. खाली सही. मधली एक ओळ कोरी होती.

"दादा, ही ओळ राहिली."

"ती न्हाई लिहिता येत."

"अहो, नमुन्यात आहे ना. बघून उतरवायची."

"मला अक्षर समजतं!" ते ओरडले. आत्याच्या कोंबड्या पळाल्या. मंग आवाज खाली आणून म्हणाले, "बक्षीस कशाचं लिहू? तिच्या बापाची जमीन होती. तिचं तिला देऊन राह्यलो, अन् वर मी बक्षीस देतो म्हणून लिहू?"

मी हैराण. इतके दिवस मला वाटत होतं, ह्या माणसाला द्यायचं न्हाई. "अहो पण तिचंच होतं असं लिहिलं तर मंग ते बक्षीसच राहत न्हाई," मी म्हटलं. "मंग सगळं घोडं तिथंच अडतं."

आत्या आता माझ्याकडं वळली. "काय लिहायचं राह्यलंय त्यात?"

मी नमुना वाचून दाखवला. "माझ्या सख्ख्या बहिणीस नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी."

आत्यानं पदरानं नाक पुसलं, मिरचीनं म्हणा. उठून आत गेली, डब्यातून माझा चेक आणला. त्याला तिखट लागलं होतं. "हे आधी तुझं तू घे, माय," म्हणाली. "हा मला टाकायचाच नव्हता. भाचीच्या पैशानं खोली बांधली, अन् कुणी विचारलं भावानं काय दिलं, तर काय सांगू?" मी चेक घेतला. मला फक्त 'माय' ऐकू आलं होतं.

मंग ती गुडघ्यावर हात दाबत दादांच्या समोर खाली बसली.

"ते प्रेमाचं का लिहीना रे तू?"

"कुठल्या तोंडानं लिहू?" दादा म्हणाले. त्यांची हनुवटी हलायला लागली होती. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. "त्या दिवशी तुला पाणी बी पाजलं न्हाई मी."

"ते तर न्हाईच पाजलं," आत्या म्हणाली. "ते मी मरंपर्यंत बोलणार. पर तू हे सांग, हक्क सोडला म्हणून अंगठा दिल्ता मी. भाऊ सोडला म्हणून दिल्ता का?"

दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मी पर्समधलं पेन काढून दिलं. ते कागदावर वाकले. इतका वेळ लावला त्यांनी त्या एका ओळीला की मी पाय बदलून बदलून उभी होते.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद आणि चेक तिच्याकडं सरकवला. तिनं चेक बाजूला ठेवला आणि कागद त्यांच्याच हातात परत दिला.

"मला कुठं वाचता येतं? तू वाच. मोठ्यानं."

दादांनी वाचायला सुरुवात केली. 'सख्ख्या' पर्यंत आले आणि अडकले. खाकरले. मंग पुढचं वाचलं.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

दादांनी पुन्हा वाचलं.